नवसाची मासवडी

तुम्ही चहा घ्या निवांत. मी आपलं जिऱ्याचं कोमट पाणी घेतो. असं बघू नका राव माझ्याकडं. कपभर चहाला नाही म्हणताना मी एक थाप मारली होती, आणि त्या थापेपायी सख्ख्या भाच्याचं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती. त्या दिवशी मी जे काय करून बसलो, ते ऐकलंत तर तुम्हीही यापुढं चहा नाकारताना दोनदा विचार कराल.

तर जुन्नरच्या बाजारपेठेत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळतात, शेतकरी त्या टेम्पोत घालून आणतात आणि मी त्यात तांब्याची तार नव्यानं भरतो. आमच्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाईक घाईत असतं आणि प्रत्येक गिऱ्हाईक चहा पाजतं. त्यामुळं सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी जेवणाऐवजी वडापाव, संध्याकाळी परत चहा, आणि दुकान बंद करून घरी गेल्यावर भरपेट जेवून लगेच आडवं. अशी किती वर्षं काढली कोण जाणे. मग छातीत जळायला लागलं. आंबट पाणी घशाशी यायला लागलं. लोकांच्या जळक्या मोटारी दुरुस्त करता करता माझंच वाइंडिंग करपत चाललं होतं.

पहिल्यांदा तर मला वाटलं, आपलं हृदयच गेलं. घाबरून डॉक्टरांकडं पळालो. त्यांनी छातीला पट्ट्या चिकटवून आलेख काढला, रक्त तपासलं आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. पित्त आहे तुम्हाला. थोडे दिवस गोळ्या देतो, पण खाण्यापिण्याच्या वेळा सुधारल्या नाहीत तर गोळी तरी काय करणार?"

एवढं मंदानं ऐकलं. मंदा म्हणजे माझी बायको. ती माझ्याबरोबर आली होती, हीच चूक झाली. त्या दिवसापासून माझ्या पोटाचा कारभार तिनं हातात घेतला. उठल्याउठल्या चहा बंद. त्याऐवजी कोमट पाणी आणि रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. दुपारचं जेवण डब्यातलं, तेही शटर अर्धं ओढून, घास नीट चावून. रात्रीचं जेवण दिवेलागणीला, आणि जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, ओट्यावर फेऱ्या मारायच्या. झोपायचं डाव्या कुशीवर. वर कॉटच्या उशाकडच्या पायांखाली तिनं विटा लावल्या. पहिल्या रात्री मी घसरत घसरत पायथ्याला गेलो आणि सकाळी माझे पाय कॉटच्या बाहेर लोंबकळत होते. मिरची, तळण, बेसन आणि तेलाची तर्री, ही चार नावं तर घरात घ्यायचीच नाहीत.

पण खोटं कशाला बोलू? फरक पडला. महिनाभरात जळजळ कमी झाली, झोप लागायला लागली, पँट सैल झाली. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "मामा, तोंडावर तेज आलंय." मला फार बरं वाटायचं. आता यापुढं आपण पित्ताला जिंकलं, अशा थाटात मी फिरत होतो.

आणि त्यात ताईचा फोन आला.

ताई माझी थोरली बहीण. तिला तळेघरला दिलेली. भीमाशंकरच्या अंगाला, डोंगरात. भात आणि नाचणी पिकवायची, हिरडा गोळा करायचा, एसटी आली तर आली, नाहीतर पायी. तिचा एकुलता एक मुलगा सागर. पोरगा सोन्यासारखा. स्वतःची शेती करून दुसऱ्यांच्या खाचरातही पॉवर टिलर चालवतो, व्यसन नाही, बोलायला गोड. पण मुलीकडचे यायचे, सागर त्यांना आवडायचा, मग परत जाताना घाटातली वळणं मोजायचे आणि निरोप यायचा, "मुलगा चांगला आहे, पण गाव लांब पडतं." ताई असल्या निरोपांनी खचली होती. रस्त्यानं वरात जाताना दिसली तरी तिचे डोळे भरायचे.

त्यात एक स्थळ तर अगदी जमलंच होतं. पण आमचे दाजी उठताना गुडघा धरून "आई गं" म्हणाले. झालं. मुलीकडून निरोप आला की घराण्यात सांधेदुखी दिसते. तेव्हापासून ताईनं घरात कायदाच केला, सोयऱ्यापुढं आजाराचं नाव काढायचं नाही.

"दत्ता, मढची सोयरीक आलीया," ती फोनवर म्हणाली. "पोरगी शिकल्याली हाय, माणसंबी लई चांगली. बोलायचं तू. तुझ्या दाजींच्या तोंडातनं शब्द निघत न्हाई, आन निघाला तर गुडघ्याचा निघतो. आन तुझं ते पित्त-बित्त तिथं आणू नको. मामाला हाय म्हंजी भाच्याला व्हणार, असं म्हंत्यात लोकं."

"आणि खायला दिलं तर?"

"गप खायचं."

"ताई, मंदा म्हणते की..."

"मंदाला म्हणावं, येक दिवस माझा भाऊ मला उसना दे."

मंदानं उसना दिला, पण निघताना दारात उभी राहून म्हणाली, "अहो, एक घास जरी तिखट खाल्लात तरी मला तोंडावरून कळेल." आता ह्या दोन बायकांच्या मधे मी कसा वागणार होतो, तुम्हीच सांगा.

मढला पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. जीपमधे ताई, दाजी, सागर आणि मी. घाईत निघालो म्हणून मनुका सोडल्या तर पोटात काही नव्हतं. मुलीचे वडील किसनभाऊ रस्त्यापर्यंत घ्यायला आले होते. उंच, सडसडीत माणूस, बोलायला मोकळा. त्यांची बायको सुमनबाई दारात पायावर पाणी घालायला उभी. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, मागे भाताची खाचरं, अंगणात फणसाचं झाड. घर बघूनच ताईनं मला हळूच कोपर मारलं. तिला ते घर आवडलं होतं.

आणि मग ट्रेमधून चहा आला. दाट, गोड, वर साय धरलेला. उपाशीपोटी. माझ्या डोळ्यांपुढं मंदा उभी राहिली आणि तोंडातून निघून गेलं, "मला नको."

आता आमच्या भागातला रिवाज तुम्हाला ठाऊक असेल. मुलगी बघायला गेल्यावर पसंती कोणी तोंडानं बोलून दाखवत नाही. ती ताटावरून कळते. पाहुण्यांनी चहा घेतला, पोहे खाल्ले, जेवायला थांबले आणि मागून वाढून घेतलं, तर जमलं. नुसतं चिवडून उठले तर निरोपाची वाट बघायची नाही. आणि सगळ्यात जास्त लक्ष कुणाच्या ताटाकडं असतं? मामाच्या. मी तर चहाच नाकारला होता, मुलगी बाहेर यायच्या आधी.

सुमनबाईंचा चेहरा उतरला. किसनभाऊ सावरून म्हणाले, "का वं मामा? आमचं काय चुकलं का?"

ताई माझ्याकडं बघत होती. ती नजर मी लहानपणापासून ओळखतो. आजाराचं नाव काढायचं नाही आणि कारण तर द्यायला हवं. मी तोंड उघडलं आणि आतून आपोआप बाहेर आलं, "तसं न्हाई भाऊ. नवस हाय माझा. सागरचं लगीन जमंपातूर चहा सोडलाय मी."

कुठून सुचलं, देव जाणे. पण परिणाम बघा. किसनभाऊंनी हात जोडले. सुमनबाईंनी पदर डोळ्याला लावला. ताईला तर ठाऊक होतं ना मी चहा का सोडलाय ते? पण नाही. तिचंही मन भरून आलं आणि ती रडत म्हणाली, "मला येका शब्दानं बोलला न्हाईस रं दत्ता." सागरनं उठून माझ्या पायाला हात लावला. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण खरं सांगू का? आतून माझ्या हुशारीचं कौतुकही वाटत होतं.

मग पोहे आले. वर तळलेल्या मिरच्या आणि शेंगदाणे.

"ह्येबी नवसात हाय का?" सुमनबाईंनी विचारलं.

"हाय," मी म्हणालो. एकदा थाप जमली की माणसाला जोर चढतो. "तिखट बंद, तळलेलं बंद, बेसन बंद."

"भाच्यासाठी इतकं?" किसनभाऊ म्हणाले. "आजच्या काळात कोण करतं, पावणं?" मी मान खाली घालून नम्रपणे बसलो आणि बिनमिरचीचे पोहे बारीक चावून खाल्ले. मंदानं बघितलं असतं तर ओवाळलंच असतं.

मुलगी बाहेर आली. अश्विनी. ओतूरच्या कॉलेजातून शिकलेली, बँकेत मदतनिसाचं काम केलेली, डोळ्यात बघून बोलणारी. सागर आणि ती फणसाखाली बोलत उभे राहिले. ती एसटीचं विचारत होती, दवाखाना किती लांब ते विचारत होती, आणि सागर लपवाछपवी न करता लांब आहे तर लांब म्हणत होता. दाजी गुडघा चोळायचा मोह आवरून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. थोड्या वेळानं अश्विनी आत गेली, आईशी काही बोलली आणि किसनभाऊ हसत बाहेर आले.

"पोरगी तयार हाय म्हणायची," ते म्हणाले. "जरा लांबची धास्ती वाटती तिला, पण तयार हाय. तुमचं काय?"

"आमचं तर पसंतच हाय," मी म्हणालो.

"म्हंजी जमलं?"

"जमलं."

आतून सुमनबाईंचा आवाज आला, "मंग मामांचा नवस इथंच फेडायचा. माज्या हातानं. मासवडी केलीया."

मासवडी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरचा कोणी असेल तर ऐकून ठेवा. बेसन शिजवून थापायचं, आत तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि तिखट यांचं सारण भरायचं, वड्या पाडायच्या आणि वर काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा. म्हणजे मंदानं जी चार नावं घरातून हद्दपार केली होती, त्यातली तीन एका वाटीत.

"साखरपुड्याला फेडतो की नवस," मी म्हणालो. "घाई कशाला?"

किसनभाऊंचं हसू मावळलं. "घाई? जमलं म्हणालात ना? जमल्यावर नवस फेडायचा असं तुमीच बोललात. म्हंजी अजून मनात काय हाय का मामा तुमच्या?"

ताईनं मागून माझ्या पाठीला असा चिमटा काढला की आजही हात लावला तर जागा सापडते. काय करणार? नवस फेडला तर लग्न जमलं, न फेडला तर मामाचं मन नाही. माझीच थाप, माझ्याच अंगावर आली होती. मी म्हणालो, "वाढा."

आता पुढं ऐका. मढ काही मोठं गाव नाही आणि किसनभाऊंची भावकी शेजारी शेजारीच राहते. भाच्यासाठी सगळं सोडलेला मामा आलाय आणि आज नवस फेडतोय, ही बातमी कुडावरून कुडावर गेली. आमच्याकडं कोणाचा नवस फिटत असला तर घरटी एक वाटी द्यायची पद्धत आहे. पानं मांडून होईपर्यंत बायका पदराखाली वाट्या झाकून येऊ लागल्या. एकीनं शेंगोळी आणली, लसणाच्या फोडणीची. एकीनं कांदाभजी. एका म्हातारीनं मिरचीचा ठेचा आणला आणि पानाजवळ बसून म्हणाली, "माज्या हातचा घास घ्यायाच लागंल पावणं, तुमच्यासारखी माणसं राह्यली न्हाईत आता."

पंगतीला माझ्या शेजारी किसनभाऊ बसले, यजमानानं सोबत द्यावी म्हणून. मी पहिला घास घेतला. चव काय सांगू तुम्हाला. महिनाभर मुगाचं वरण खाल्लेल्या जिभेला ती मासवडी लागली आणि माझे डोळे पाणावले. सगळ्यांना वाटलं, नवस फिटल्याचा आनंद. दुसरी वाढली, तिसरी वाढली. मी नको म्हणायला हात आडवा केला की ताई घसा खाकरायची. किसनभाऊही माझ्या बरोबरीनं खात होते, घाम पुसत, मान हलवत. त्यांना खाताना बघून मी नेट लावला. माणूस एवढ्या प्रेमानं सोबत करतोय म्हटल्यावर मागं कसं हटायचं? शेवटी वर तो चहा आला. तो सकाळचा राहिलेला.

"आता जरा आडवं व्हा मामा," सुमनबाईंनी गादी घातली.

आडवं. एवढं पोटात घालून. त्या विचारानंच माझ्या घशाशी आंबट पाणी आलं. "बसून बसून पाय आखडलेत," मी म्हणालो. "जरा गोठा बघून येतो."

घरामागं आलो. छातीत भट्टी पेटली होती. खिशात मंदानं ओव्याची पुडी टाकली होती, ती चाचपत मी गोठ्याला वळसा घातला, तर पलीकडच्या बाजूला किसनभाऊ. पाठमोरे. भिंतीला टेकून तांब्या तोंडाला लावलेला. माझी चाहूल लागली तसे दचकले आणि तांब्या पाठीमागं लपवला. मी पुडी मुठीत लपवली.

"काय बघताय मामा?"

"म्हैस," मी म्हणालो. "म्हैस छान आहे."

"ती बैलाची जागा हाय. म्हैस पलीकडं."

तेवढ्यात त्यांना ढेकर आली. लांबलचक, आंबट, कसलेल्या पित्ताच्या माणसाची. ती मी कुठंही ओळखेन. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला माझी आवरली नाही.

"तुमालाबी?" ते हळू आवाजात म्हणाले.

"वरीस झालं. तुमाला?"

"लई जुनं हाय माझं. आता कुठं वाट सापडली व्हती. ताक, पेज, मऊ भात. पंधरा दिस झाले, जळजळ न्हाई. बायको म्हणाली, सोयऱ्यापुढं नाव काढायचं न्हाई, लेकीचं मोडंल. तुमी खात व्हता म्हणून मी बसलो सोबतीला."

"अहो, मी तुमी खात व्हता म्हणून खात व्हतो."

मग त्यांनी पाठीमागचा तांब्या पुढं केला. जिरं-सैंधव घातलेलं पातळ ताक. मी घोट घेतला आणि ओव्याची पुडी त्यांच्यापुढं धरली. ते म्हणाले, "चला, बसून जिरायचं न्हाई ह्ये." आणि आम्ही दोघं गोठ्याला फेऱ्या मारायला लागलो, हात मागं बांधून, सावकाश. फार गोड वेळ गेला तो, खरंच. मला आयुष्यात इतकं समजून घेणारं माणूस भेटलं नव्हतं. मी त्यांना मनुकांचं सांगितलं. त्यांनी मला कोकमाचं पाणी सांगितलं. डाव्या कुशीवर झोपायचं दोघांनाही ठाऊक होतं. कॉटखाली विटा लावतो म्हणालो तर ते म्हणाले, "आमच्याबी हायत. पावणं येणार म्हणून सकाळीच काढल्या." यापुढं दोघांनी मिळून हे पित्त आटोक्यात ठेवायचं, एकमेकांना फोन करून विचारायचं, असं आम्ही ठरवून टाकलं.

पण मागच्या दारातून आम्ही कसे दिसत होतो? लग्न जमवायला आलेली दोन माणसं, डोकी जवळ करून, हळू आवाजात बोलत, गंभीर चेहऱ्यानं फेऱ्या मारतायत. मी एकदा वळून बघितलं तर दारात सगळे उभे. ताईचा चेहरा पांढरा पडलेला. सुमनबाईंनी चौकट धरलेली. सागर मान खाली घालून उभा.

"दत्ता," ताई पुढं आली. "काय मागून ऱ्हायलास तू? आमाला हुंडा-बिंडा काय बी नको हाय, कितीदा सांगितलं तुला?"

"अवं, काय बिनसलं का?" सुमनबाई नवऱ्याला म्हणाल्या. "जेवली की माणसं आनंदानं, आन आता ह्ये काय?"

मी किसनभाऊंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. मी खरं बोललो तर सागरचं मोडणार. ते खरं बोलले तर अश्विनीचं. म्हणून आम्ही दोघंही गप्प राहिलो, आणि आमच्या गप्प राहण्यानं तर सगळ्यांची खात्रीच पटली. ताई पदर तोंडात धरून रडायला लागली.

"बाबा," अश्विनी म्हणाली, "आपल्या गोठ्याला इतक्या फेऱ्या कोणी मारत नाही. माझं लग्न आहे. काय असेल ते माझ्यापुढं बोला."

आणि मग सागर बोलला. वर न बघता. "मामा, माझं लगीन न्हाई झालं तरी चालंल. पण ह्या माणसांना माझ्यापायी तरास देऊ नका. आधीच तुमी माझ्यासाठी लई सोसलंय. नवस धरला, उपाशी ऱ्हायला."

ते ऐकून मला छातीत जे झालं ना, ते पित्ताचं नव्हतं. हा पोरगा माझ्या थापेला त्याग समजून बसला होता आणि त्याच थापेपायी लग्नावर पाणी सोडायला निघाला होता. मला सहन झालं नाही.

"नवस-बिवस काय न्हाई," मी म्हणालो. "मला पित्त हाय. चहा चालत न्हाई, तिखट चालत न्हाई. डॉक्टरांनी हृदय तपासलंय, ते चांगलंय. छातीत जळतं म्हणून मी फेऱ्या मारतोय. खोटं बोललो मी."

ताईनं डोळे मिटून घेतले.

"मलाबी हाय," किसनभाऊ म्हणाले.

सुमनबाईंनी कपाळाला हात लावला. ताईनं डोळे उघडले, सुमनबाईंकडं बघितलं आणि काय झालं कोणास ठाऊक, सगळा बांध फुटल्यासारखी म्हणाली, "आमच्या ह्यांचा गुडघाबी दुखतो."

दाजी त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले. "लई दुखतो," ते म्हणाले, आणि सकाळपासून अडवून धरलेला गुडघा दोन्ही हातांनी मनसोक्त चोळायला लागले.

अश्विनी सगळ्यांकडं बघत होती. मग तिनं सागरला विचारलं, "आणि तुम्हाला काय होतं?"

"मला काय न्हाई," तो म्हणाला. "भूक तेवढी लई लागते."

तिला हसू आवरलं नाही. ती हसली तसे सगळेच हसायला लागले. सुमनबाई हसता हसता ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. अश्विनी म्हणाली, "तळेघर लांब आहे ते आहेच. मला भीती गावाची नव्हती, तिथं माणसं कशी भेटतील याची होती. भाच्यासाठी एवढी मासवडी खाणारी माणसं असतील, तर मी येईन." एवढं बोलून ती आत गेली आणि आम्हा दोघा रुग्णांसाठी कोमट पाणी आणि भाजलेली बडीशेप घेऊन आली. दाजींसाठी तेलाची वाटी. गादीवर लवंडायला दिलं नाही तिनं आम्हाला. ऊन उतरेपर्यंत ओसरीवर ताठ बसवून ठेवलं.

घरी पोचलो तर मंदानं दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "मासवडी."

"जमलं," मी म्हणालो. तिनं लगेच ताक घुसळून आणलं आणि मी ते पीत असताना मला निरखत बसली. तिचेही डोळे जरा ओले होते.

लग्न मढलाच झालं. मोठा मांडव, फेटे, बँड, आणि माइकवर एक उत्साही गृहस्थ, जो आल्या-गेल्या प्रत्येकाचं नाव पुकारत होता. मी नवरदेवाचा मामा म्हणून पुढच्या खुर्चीत बसलो होतो, फेटा बांधून, मिशीला हात लावत. जुन्नरची माझी सगळी गिऱ्हाइकं आलेली. अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, ताईनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. इतकं समाधान मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात माइकवर आवाज घुमला. "नवरदेवाचे मामा, जुन्नरचे मोटार रिवाइंडिंगवाले दत्ताभाऊ, यांना पित्ताचा त्रास असल्या कारणानं, त्यांच्यासाठी नवरीबाईंच्या खास आग्रहानं, मऊ भात, मुगाचं वरण, दुधी आणि ताक, अशी पथ्याची वेगळी व्यवस्था मांडवाच्या डाव्या अंगाला करण्यात आलेली आहे. मामांनी लाज न बाळगता लाभ घ्यावा." आणि कोणाला ऐकू आलं नसेल म्हणून त्यानं ते परत सांगितलं.

आजाराचं नाव काढायचं नाही म्हणून मी जे काय काय केलं होतं, ते दोन तालुक्यांना भोंग्यावरून कळलं. मी फेटा डोळ्यांवर ओढून, कोणाकडं न बघता, मांडवाच्या डाव्या अंगाला गेलो. तिथं बघतो तर रांग. माझी गिऱ्हाइकं, सागरच्या वऱ्हाडातली निम्मी माणसं, ज्यानं स्वयंपाक केला तो आचारी, आणि स्वतः तो माइकवाला गृहस्थसुद्धा, एका हातात ताट आणि दुसरा हात छातीवर. सगळ्यात पुढं किसनभाऊ बसून मन लावून मऊ भात खात होते.

माझा नंबर आला. वाढायला मंदा उभी होती. तिनं पातेलं वाकडं करून दाखवलं.

"संपलं," ती म्हणाली. "सगळे तुमचंच नाव सांगून घेऊन गेले."

मला परत मोठ्या पंगतीत बसवलं. मसालेभात, भजी आणि लालभडक रस्सा. एवढ्या मोठ्या मांडवात माझंच पित्त माइकवरून जाहीर झालं होतं, आणि त्या दिवशी तिखट जेवून उठलेला पित्ताचा माणूस तेवढा मीच होतो.